चष्मा घेणे आहे

एखाद्या वस्तूला भाषेने कोणते नाव दिले आहे ते पाहावे, म्हणजे माणसे त्या वस्तूकडे कशी पाहत आली तेही कळते. चष्म्याचेच पाहा. जुन्या मराठीत त्याला 'चाळशी' म्हणत. चाळिशी उलटली की जवळचे अक्षर दिसेनासे होते आणि मग नाकावर येऊन बसते ती चाळशी. म्हणजे ही वस्तू वयाची, पिकल्या केसांची, पंचांग उघडून बसणाऱ्या आजोबांची. विशीतल्या मुलीच्या नाकावर तिचे काय काम, असा प्रश्न या नावातच दडलेला आहे.

'चष्मा' हा शब्द आपण फारसीतून घेतला. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा, आणि 'चश्मा' म्हणजे पाण्याचा झराही. मी मूळची बऱ्हाणपूरची. मध्य प्रदेशातले ताप्तीकाठचे हे गाव पुष्कळांना ठाऊक असते ते मुमताज महल १६३१ साली तिथे वारली म्हणून. पण आमचा खरा अभिमान कुंडी भंडारा हा आहे. अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, १६१५ साली, डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरापर्यंत आणले गेले. वर ओळीने कुंड्या, खाली वाहते पाणी. तेव्हा आमच्या गावात जमिनीखालीही चश्मे आहेत आणि बाजारातल्या काचेच्या कपाटांतही आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरे नाव मला बेळगावात कळले. मामांकडे राहून मी इथे शिकते. शेजारच्या बाकावरची मैत्रीण चष्म्याला 'कन्नडक' म्हणते. हा शब्द प्रथमच ऐकणाऱ्या मराठी माणसाला वाटते की भाषेविषयीच काही बोलणे चालले आहे. तिच्या आजीच्या तोंडी मात्र 'चाळीसु' असा शब्द आहे. म्हणजे आमची चाळशी केव्हाच सीमा ओलांडून तिकडे गेली आणि तिकडच्या नाकांवर सुखाने बसली. तिला कोणी अडवले नाही की कोणी तिचा दाखला मागितला नाही.

नावांचे हे पुराण पुरे. मुद्दा असा की मला चष्मा घ्यायचा होता, आणि तो स्वस्त हवा होता, आणि चांगला दिसणाराही हवा होता. या तिन्ही गोष्टी एकत्र मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार ज्या नजरेने पाहतात, ती नजर ज्यांनी अनुभवली असेल त्यांनाच माझे पुढचे निवेदन नीट समजेल.

माझा नंबर उणे साडेचार. ज्यांना चष्मा नाही त्यांच्यासाठी थोडे गणित सांगते. शंभराला नंबराने भागावे, म्हणजे चष्म्यावाचून किती सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसते ते निघते. माझे उत्तर सुमारे २२ येते. माझे हे स्वतःचे, स्वयंभू जग वीतभराचे आहे. त्यापलीकडे फळा, बसची पाटी, समोरून येणारे प्राध्यापक, सारेच धुके. जुना चष्मा अकरावीत घेतलेला. त्याची उजवी काडी मोडली होती आणि ती दोऱ्याने बांधून वर चिकटपट्टी लावली होती. शिवाय मध्यंतरी नंबरही अर्ध्याने वाढला होता. तेव्हा हा खर्च हौसेचा नव्हता. संध्याकाळी दोन मुलांच्या शिकवण्या करून मी १,६०० रुपये साठवले होते आणि एवढ्यात सारे बसवायचे असे ठरवले होते.

पहिला प्रयत्न एका मोठ्या शहरातल्या झगमगीत दुकानात केला. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, अशी दुकाने आता सगळीकडे आहेत. बाहेर पाटी होती: फ्रेम ९९९ पासून. आत गेल्यावर टायवाल्या तरुणाने मोठ्या अदबीने खुर्ची दिली, पाणी दिले, आरसा दिला. फ्रेम पसंत पडली. मग हिशेब सुरू झाला. काचेचे वेगळे, काच पातळ हवी तर त्याचे वेगळे, चकाकी घालवणाऱ्या थराचे वेगळे, मोबाईलच्या निळ्या प्रकाशाचे वेगळे. बेरीज ४,८०० वर गेली तेव्हा मी पाण्याचा पेला खाली ठेवला. पाटीवर लिहिलेली किंमत नेहमी फ्रेमची असते आणि माणूस पाहतो काचेतून, एवढा अर्थशास्त्राचा धडा तिथे फुकट मिळाला.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. भुसावळला गाडी बदलून बऱ्हाणपूरच्या स्टेशनावर उतरले, तर अप्पांनी आधी माझ्याकडे नव्हे, काडीवरच्या चिकटपट्टीकडे पाहिले. त्या रात्री ओसरीवर परिषद भरली. आत्या रावेरहून आली होती. तिने विषयाला सरळ हात घातला.

"दादा, दिवाळीनंतर जळगावचे पाहुणे यायचे आहेत. पोरीला तो बिनफ्रेमचा चष्मा घेऊन दे. नाकावर आहे की नाही ते कळलंच नाही पाहिजे."

"मग घ्यायचाच कशाला?" आजी म्हणाली. "पाहुण्यांपुढे काढून ठेवायचा. आमच्या वेळी काय चष्मे होते?"

"चष्मा काढला तर ती चहाचा कप पाहुण्यांच्या मांडीवर ठेवेल," आई म्हणाली.

अप्पा काहीच बोलले नाहीत. ते पॉवरलूमवर कारागीर आहेत. आमच्या गावात लूमची खटखट इतकी सतत चाललेली असते की घरीही माणसे मोठ्याने बोलतात. अप्पा मात्र मोजके बोलणारे. थोड्या वेळाने ते मला म्हणाले, "तुला कोणता पाहिजे?"

"काळा," मी म्हणाले. "जाड काडीचा. दिसला पाहिजे असा."

आत्याने कपाळावर हात मारला.

दिवाळीचे चार दिवस कारखाना बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या सायकलीमागे बसून मी गांधी चौकाच्या बाजूला गेले. तिथल्या एका गल्लीत चष्म्याचे एक जुने दुकान आहे. रुंदीला दोन माणसे शेजारी उभी राहतील एवढेच. एका भिंतीवर अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या भिंतीवर काचेची कपाटे. दुकानदार चाचांचे वय सत्तरीच्या आसपास असावे. त्यांच्या स्वतःच्या नाकावर चष्मा, कपाळावर दुसरा, आणि हातात तिसरा होता. मी फ्रेमांच्या कपाटाकडे वळले तसे ते हसून म्हणाले, "बेटी, पहले नंबर, सूरत बाद में."

आधी डोळे तपासले. नाकावर ती लोखंडी फ्रेम ठेवून एकामागून एक काचा घालणे चालले. मग छोट्या पट्टीने दोन बुबुळांमधले अंतर मोजले. ते निघाले ६२ मिलिमीटर. काचेचा मध्य बुबुळासमोर आला नाही तर महागातला चष्माही डोके दुखवतो, असे ते म्हणाले.

मग आत्याची मागणी मी त्यांच्यापुढे मांडली. चाचांनी बिनफ्रेमचा एक चष्मा काढला आणि तो आडवा धरून मला काचेची कड दाखवली. उणे नंबराची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. नंबर जितका मोठा, काच जितकी रुंद, तितकी कड जाड. बिनफ्रेमच्या चष्म्यात ही कड झाकायला काहीच नसते. बाजूने पाहणाऱ्याला ती बाटलीच्या बुडासारखी दिसते. शिवाय काचेला भोके पाडून स्क्रूने काड्या बसवतात, तेव्हा जपावेही फार लागते. म्हणजे जो चष्मा दिसू नये म्हणून घ्यायचा तोच अधिक उठून दिसणार, पैसेही अधिक घेणार, आणि मोडणारही लवकर! उलट लहान गोल काच घेतली की जाड कडेचा भाग कापूनच टाकला जातो, आणि उरलेली कड जाड फ्रेमच्या खोबणीत लपते. चाचांच्या शास्त्राने माझ्या हौसेची बाजू घेतली हे पाहून मला झालेला आनंद वर्णन करता येत नाही. लपवण्यापेक्षा मिरवणे स्वस्त पडते, असे त्यातून निघाले.

कपाटाच्या तळच्या खणातून त्यांनी जुन्या मालातली एक काळी गोल फ्रेम काढली. काड्या माझ्या कानांना थोड्या सैल होत्या. चाचांनी त्या विजेच्या शेगडीवर शेकल्या आणि बोटांनी हलकेच वाकवल्या.

"शेल आहे ना?" अप्पांनी विचारले.

चाचा म्हणाले, नाव शेलचे, माल दुसराच. फार पूर्वी कासवाच्या पाठीच्या चष्म्यांना शेल म्हणत. पुढे सेल्युलॉइड आले, ते पेट घेई. आता येते ते ॲसिटेट. आणि ॲसिटेट कशाचे करतात? लाकडाच्या लगद्याचे, नाहीतर सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड कापसाचे.

अप्पांनी फ्रेम हातात घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली. "म्हणजे हा कापूसच आहे," ते म्हणाले. आजोबा ताप्ती मिलमध्ये होते, अप्पा लूमवर आहेत. दोन पिढ्या कापूस अंगावर घेऊन घरी आल्या. तो नाकावरही बसू शकतो हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते त्यांना फार आवडलेले दिसले.

आता किंमत. फ्रेमला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. अप्पांनी ती वाचायला घेतली. त्यांनी चिठ्ठी जवळ धरली, मग लांब, मग हात पूर्ण ताणून. मान मागे गेली. तरीही आकडा येईना. शेवटी ते म्हणाले, "इथं उजेड कमी आहे."

दुकानात उजेड भरपूर होता. चाचांनी माझ्याकडे पाहिले, मी चाचांकडे.

"अप्पा, तुमचेही डोळे तपासून घ्या ना," मी म्हणाले.

"मला काय वाचायचंय?" ते म्हणाले. "पेपर तर तू फोनवर वाचून दाखवतेस."

"भाऊ, उम्र कितनी?"

"अठ्ठेचाळीस."

चाचा हसले. या वयात डोळ्यांतले भिंग ताठर होते, हा रोग नव्हे, ही सर्वांची पाळी आहे, असे त्यांनी समजावले. अप्पा ऐकून घेत होते, पण उठून उभेही राहिले होते. आणि मग त्यांनी खरे कारण सांगितले. चाचांना नव्हे, मलाच, हळू आवाजात. कारखान्यात चष्मा लावलेला कारागीर म्हणजे उतरलेला कारागीर. मालक तोंडावर काही म्हणत नाही. पण बारीक सुताचा बीम चढवायची वेळ आली की तो दुसऱ्याच्या लूमवर चढतो.

इथे वाचकांना लूमविषयी थोडे सांगायला हवे. मजुरी मिळते ती मीटरवर. ताण्याची एक तार तुटली की लूम थांबवायचा, तुटलेले टोक शोधायचे, सांधायचे, सुईच्या नेढ्याएवढ्या डोळ्यातून ओवायचे, मग फणीच्या नेमक्या दातांतून काढायचे आणि लूम पुन्हा चालू करायचा. तार तुटलेली दिसली नाही तर कापडात रेघ पडते आणि मजुरीतून पैसे कापले जातात. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या आमच्या गावी आला होता. इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जाते असे त्याने लिहून ठेवले. ते कापड ज्यांनी विणले त्यांच्या डोळ्यांविषयी त्याने काही लिहिलेले माझ्या वाचनात नाही. पण चाळीस वर्षांचे तेही झालेच असतील.

आत्याला पाहुण्यांची भीती होती आणि अप्पांना मालकाची. दोन्हींचा अर्थ मला एकच दिसला. मुलगी असो की कारागीर, त्याच्याकडे पाहणारा कोणी दुसराच आहे, आणि चष्मा हा त्या पाहणाऱ्याला मालातला दोष वाटेल. मग ज्याचे डोळे त्याने आंधळेपणाने वावरावे, पण पाहणाऱ्याची नजर सांभाळावी!

मी अप्पांना एवढेच विचारले, "मागच्या महिन्यात किती कापले?"

त्यांनी उत्तर दिले नाही. पण ते बसले.

चाचांचे कसब मला तेव्हा कळले. वाचायचा सरसकट नंबर काढून त्यांनी हात झटकले नाहीत. त्यांनी विचारले, काम किती लांबून? अप्पांनी खुर्चीवर बसल्या बसल्या दोन्ही हात पुढे केले, लूमवर वाकल्यासारखे, आणि बोटांनी तार सांधल्याची नक्कल केली. चाचांनी टेपने डोळ्यापासून बोटांपर्यंतचे अंतर मोजले. ५५ सेंटिमीटर भरले. पुस्तक आपण धरतो त्याहून हे लांब. म्हणून वाचायला पावणेदोनचा नंबर लागत असला तरी लूमसाठी सव्वाच पुरे, असे त्यांनी ठरवले. वाचायचा नंबर दिला असता तर तारेजवळ नाक न्यावे लागले असते. आता दुसरी अडचण. अशा काचेतून लांबचे पुसट दिसते, आणि अप्पांना एका वेळी चार लूमांवर लक्ष ठेवायचे असते. त्यावर उपाय अर्धचंद्राकृती चष्मा. खाली पाहिले की तार, वरून पाहिले की कारखाना.

चाचांनी त्याला गळ्यात अडकवायची दोरी लावून दिली. अप्पांनी ती लगेच सोडली. "चालत्या लूमजवळ गळ्यात दोरी नको." मग चाचांनी काड्यांची टोके शेकून कानामागे चांगली वळवली, वाकले तरी पडू नये अशी.

अप्पांनी आरशात पाहिले. "मुनीम दिसतोय," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या फ्रेमची चिठ्ठी उचलली आणि आकडा वाचला: साडेचारशे. मला वाटते, सेठजींच्या गादीवर बसलेल्या कुठल्याही मुनिमाने एवढ्या समाधानाने आकडा वाचला नसेल.

बिल असे झाले: माझी फ्रेम ४५०, काचा चकाकीविरोधी थरासह ६५०, अप्पांचा चष्मा २५०. एकूण १,३५०. पैसे मी दिले. मुलीच्या पैशांचा चष्मा नको म्हणून अप्पांनी थोडी कुरकुर केली, पण माव्याची जिलबी त्यांच्या खिशातून यायची, या तहावर भांडण मिटले. बऱ्हाणपूरची माव्याची जिलबी ज्यांनी खाल्ली असेल त्यांना हा तह कोणाच्या फायद्याचा झाला ते सांगायला नको.

सुट्टी संपवून मी बेळगावला परतले आणि वाचनालयात चष्म्याविषयी काही मिळते का पाहू लागले. दोन गोष्टी सापडल्या. त्या सांगितल्यावाचून राहवत नाही.

एक आपल्या अंकाच्या पलीकडल्या, कानडी भागातल्या वाचकांना विशेष आवडेल. चष्मा प्रथम इटलीत, तेराव्या शतकाच्या अखेरीस झाला असे मानतात. तो आपल्याकडे केव्हापासून दिसतो याचा शोध पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. विजयनगरच्या वैभवाच्या काळात होऊन गेलेले व्यासराय हे माध्व संप्रदायातले थोर यती, पुरंदरदासांचे गुरू. ते १५३९ साली निवर्तले. त्यांचे चरित्र सोमनाथ नावाच्या कवीने संस्कृतात लिहिले. त्यात व्यासराय चष्म्याच्या साह्याने पोथी वाचत असल्याचा उल्लेख आहे, आणि त्याकडे गोड्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. कानडी मुलखातल्या गुरूचा चष्मा पुण्याच्या मराठी पंडिताने शोधून काढावा, हे मला फार गोड वाटले. त्याहूनही महत्त्वाचे असे की त्या कवीला आपल्या गुरूचा चष्मा लपवावासा वाटला नाही. राजे ज्याच्यापुढे वाकत त्या माणसाच्या नाकावर तो होता, आणि कवीने तो चरित्रात नोंदवला.

दुसरी गोष्ट आजची. आसामातल्या चहाच्या मळ्यांत, चाळिशी उलटलेल्या आणि जवळचे नीट न दिसणाऱ्या मजुरांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना जवळचे पाहण्याचे साधे, स्वस्त चष्मे आधी दिले, निम्म्यांना नंतर. पाने खुडण्याचे काम दोन्हीकडे तेच. आधी चष्मे मिळालेल्यांचे काम दुसऱ्यांच्या मानाने सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले. हा निष्कर्ष २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या अहवालात, जवळचे पाहण्याचा चष्मा लागतो पण मिळालेला नाही अशी माणसे जगात ८२ कोटी ६० लाख असल्याचे म्हटले आहे. एवढ्या माणसांना डॉक्टर, शस्त्रक्रिया, औषध काहीच नको. अडीचशे रुपयांची वस्तू हवी. ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही याचे कारण काही ठिकाणी गरिबी असेल, काही ठिकाणी दुकानच नसेल. पण काही ठिकाणी तरी ती लाज असणार. ती मी माझ्या घरातच पाहिली आहे. तिच्यासाठी कोणत्याही अहवालात रकाना नाही.

म्हणूनच मला 'स्वस्त' आणि 'चांगला दिसणारा' हे दोन शब्द आता विरोधी वाटत नाहीत. चांगले दिसणे हा श्रीमंतांचा चाळा आहे आणि गरिबाने जे मिळेल ते नाकावर ठेवावे, असे पुष्कळजण मानतात. पण न आवडणारा चष्मा माणूस वापरत नाही. तो टेबलाच्या खणात राहतो आणि खणातल्या चष्म्यातून कोणालाच काही दिसत नाही. म्हणजे फुकट मिळाला तरी तो महागच. जो चष्मा लावून आरशात पाहावेसे वाटते आणि मग बाहेर पडावेसे वाटते, तोच खरा स्वस्त.

पाहुण्यांचे काय झाले, असे कोणी विचारील. पाहुणे आले. चहा झाला, कप ज्याच्या त्याच्या हातात नीट पोचला. मुलाच्या आईने माझ्याकडे निरखून पाहत विचारले, "नंबर किती?" मी सांगितले, "उणे साडेचार." त्या "हं" म्हणाल्या. त्यांच्याकडून अद्याप निरोप आलेला नाही. आत्या सारे खापर काळ्या फ्रेमवर फोडते. अप्पांचे म्हणणे असे की जळगावात तपासणीची सोय चांगली आहे, त्यांनीही आपले डोळे एकदा दाखवून घ्यावेत.

अप्पा स्वतः पहिले काही दिवस फक्त रात्रपाळीला चष्मा लावत. मग शेजारच्या लूमवरच्या माणसाने गंमत म्हणून तो मागून घेतला, तार सांधून पाहिली, आणि परत द्यायला तयार होईना. आता त्यांच्या कारखान्यात तिघांच्या नाकांवर अर्धचंद्र आहेत, असे आई फोनवर सांगते. तिघेही उतरलेले म्हटले तर बारीक सुताचा बीम चढवायचा कोणावर? मालक अजून काही बोललेला नाही. मजुरीचा दर होता तोच आहे. कापले जाणारे पैसे मात्र कमी झाले आहेत.

आपल्या वर्गातही डोळे बारीक करून फळ्याकडे पाहणारी, शेजाऱ्याच्या वहीवरून उतरवून घेणारी, दुरून ओळख न दिल्याबद्दल गर्विष्ठ ठरलेली मुले-मुली मला दिसतात. चष्मा लागेल म्हणून ती तपासणीलाच जात नाहीत. त्यांना माझे सांगणे एवढेच आहे की आधी नंबर काढून घ्या आणि मग मनाजोगती फ्रेम शोधा. लहान घ्या, गोल घ्या, आवडली तर काळी घ्या. दुकान गल्लीतले असले तरी चालेल, मात्र दुकानदार डोळ्यांतले अंतर मोजतो की नाही ते पाहा. आणि घरी जाल तेव्हा चाळिशी उलटलेल्या माणसाच्या हातात एखादी किमतीची चिठ्ठी सहज देऊन पाहा. हात ताणला गेला, तर उजेडाला दोष देऊ नका. त्यांनाही बरोबर घेऊन जा.